पुराव्यानिशी पदवी

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या परिषदेच्या भेटीची तारीख ठरली की महाविद्यालयात धांदल उडते. पाच वर्षांत झालेली व्याख्याने, शिबिरे, वृक्षारोपणे, सहली, सामंजस्य करार, सगळ्यांचे कागद शोधले जातात. फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटावेत म्हणून जिओ-टॅगचे ॲप प्राध्यापकांच्या फोनमध्ये आलेले असते. सात निकषांखाली पीडीएफचे ढीग तयार होतात, त्यांचे दुवे सेल्फ स्टडी रिपोर्टात जोडले जातात, पडताळणीत शंका निघाली की आणखी कागद जातात. १९९४ साली स्थापन झालेल्या या परिषदेची पद्धत जिकिरीची आहे आणि तिच्याविषयी तक्रारीही पुष्कळ आहेत. पण तिच्या मुळाशी असलेला विचार मला पटतो. संस्था कशी आहे हे ठरवायचे तर तिने काय केले ते पाहावे, त्याचा पुरावा मागावा आणि त्या कामाविषयी तिचे स्वतःचे म्हणणे काय आहे तेही लिहून घ्यावे. प्राध्यापकांच्या पदोन्नतीलाही हाच न्याय लागतो. कॅस या पदोन्नती योजनेची फाईल म्हणजे त्यांच्या काही वर्षांच्या कामाचा पुरावाच.

विद्यार्थ्यापाशी आले की हा न्याय थांबतो. तीन वर्षे तो वर्गात बसतो, प्रात्यक्षिके करतो, कधी गावात जाऊन सर्वेक्षण करतो, आणि त्याच्या शिकण्याचा निवाडा मुख्यतः लेखी पेपरवर होतो. हाती येते ते गुणपत्रक. त्यात विषयाचे नाव, क्रेडिट, श्रेणी असते. त्याने केलेल्या कामातला एक कागदही नसतो. पदवी घेऊन तो मुलाखतीला गेला आणि कोणी विचारले, ‘तुला काय येते?’ तर दाखवायला त्याच्याजवळ गुणपत्रकच असते.

ई-पोर्टफोलिओ ही या अडचणीवरची एक वाट आहे. विद्यार्थ्याने शिकताना केलेल्या कामातले काही नमुने स्वतः निवडायचे, ते ऑनलाइन एका जागी ठेवायचे आणि प्रत्येक नमुन्याजवळ लिहायचे की हे मी का निवडले, यात काय चुकले, काय सुधारले, यातून मला काय उमगले. नमुना म्हणजे निबंध, नकाशा, हिशेबाचा तक्ता, प्रयोगाची नोंद, मुलाखतीचे ध्वनिमुद्रण, यंत्राचा व्हिडिओ, काहीही. शिक्षक ते वाचतो, आधी जाहीर केलेल्या निकषांवर तपासतो आणि गरज वाटली तर विद्यार्थ्याला समोर बसवून चार प्रश्न विचारतो. चित्रकलेच्या आणि वास्तुकलेच्या शाखांत कामांचा असा संच मांडून परीक्षण करण्याची रीत जुनी आहे. भूगोल, वाणिज्य, मराठी, रसायनशास्त्र या विषयांत ती नवी वाटते एवढेच.

हे सगळे नीट समजायला भडगावला जाऊ. चाळीसगाव आणि पाचोरा यांच्या मध्ये, गिरणेकाठी वसलेले हे तालुक्याचे गाव. इथे सौ. रजनीताई नानासाहेब देशमुख महाविद्यालय आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा आहेत. तालुक्याच्या गावातल्या कोणत्याही महाविद्यालयासारखी इथेही आजूबाजूच्या खेड्यांतून मुले-मुली येतात. समजा, कोळगाव किंवा वाडे अशा एखाद्या गावाहून एसटीने येणारी, भूगोल घेतलेली एक मुलगी आहे. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने ठरलेला आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आलेला पदवी अभ्यासक्रमाचा नवा आराखडा तिला लागू आहे. त्यात फील्ड प्रोजेक्ट आहे, समाजाशी जोडलेले काम आहे, पुढे ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. अशा कामाचे एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास.

तिने विषय घेतला: गिरणेचे आवर्तन सुटल्यावर नदीकाठच्या विहिरींचे पाणी किती चढते? आवर्तन हा या पट्ट्यातला रोजच्या बोलण्यातला शब्द. नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणातून पाणी सुटले की चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यापर्यंत त्याची वाट पाहिली जाते. लेखी परीक्षेत याच विषयावर प्रश्न येईल तो असा: ‘भूजल पातळीवर परिणाम करणारे घटक स्पष्ट करा.’ गाईडमधले सहा मुद्दे नीट लिहिले की गुण मिळतात. तिने दोरीला दगड बांधला, दर अर्ध्या मीटरवर गाठ मारली आणि गावातल्या पाच विहिरींची पातळी मोजायला घेतली.

पहिल्या आठवड्याच्या नोंदी विचित्र निघाल्या. नदीच्या अगदी लगतच्या विहिरीत पाणी खाली गेलेले, आणि दूरच्या विहिरीत चढलेले. वर्गात हे समजावून सांगणारे पुस्तक नव्हते. उत्तर घरात होते. शेतीपंपाची लाईट पाळीने येते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. नदीलगतच्या विहिरीवर रात्रभर मोटर चाललेली होती आणि हिने सकाळी आठला दोरी सोडली होती. म्हणजे तिने मोजली ती भूजल पातळी नव्हतीच, उपसलेली विहीर मोजली होती. तिने त्या नोंदी खोडल्या नाहीत. तशाच ठेवून खाली लिहिले की या नोंदी तुलनेला चालणार नाहीत, कारण हे. मग लाईटचे वेळापत्रक मिळवले, मोटर बंद होऊन ठरावीक तास गेल्यावरच मोजायचे असा नियम स्वतःला घातला आणि पुन्हा सुरुवात केली.

आता परीक्षक म्हणून तुम्ही काय पाहाल? पहिला तक्ता, त्यावरची तिची टिप्पणी, दुसरा तक्ता, आलेख, विहिरींच्या जागा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा आणि दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण, ज्यात एक म्हातारे शेतकरी पूर्वी नदीत वाळू किती होती आणि झिरा कुठे लागायचा ते अहिराणीत सांगताहेत. शास्त्रीय पद्धत म्हणजे काय हे या मुलीला कळले आहे की नाही, याचा निर्णय या साहित्यावरून करता येतो. गाईडच्या सहा मुद्द्यांवरून तो करता येत नाही. तिची चूक हाच इथे तिच्या शिकण्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. लेखी पेपरात चुकीला गुण जातात. पोर्टफोलिओत ओळखलेली आणि दुरुस्त केलेली चूक गुण मिळवून देते. मला ही पद्धत मोलाची वाटते ती मुख्यतः एवढ्यासाठी.

दुसरी गोष्ट त्या ध्वनिमुद्रणाची. खानदेशातली कितीतरी मुले घरी अहिराणी बोलतात आणि परीक्षेत प्रमाण मराठी किंवा इंग्रजी लिहितात. घरचे ज्ञान त्या दोन भाषांच्या मधल्या वाटेवर गळून जाते. श्रावणात कानबाई या देवीचे रोट असतात, रात्रभर गाणी होतात. मराठीच्या विद्यार्थ्याने ती गाणी म्हणणाऱ्या बायांची परवानगी घेऊन मुद्रित केली, शब्द उतरवून घेतले, दोन गावांतल्या पाठांत काय फरक आहे ते दाखवले, तर तो लोकसाहित्याचा अभ्यास झाला. उत्तरपत्रिकेत आवाज ठेवायला जागा नाही. पोर्टफोलिओत आहे.

इथे बहिणाबाईंची आठवण येणे अपरिहार्य आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला सुरू झालेल्या, जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या विद्यापीठाला २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करताना त्या रचत गेल्या, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्तांपैकी पीतांबर चौधरी यांनी त्यातले काही लिहून ठेवले. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये गाणी पुस्तकरूपाने आली. कोणत्याही लेखी परीक्षेत ही बाई नापास झाली असती. तिचे काम कोणीतरी ऐकले, टिपले, जपले आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली आणले, म्हणून ते मराठीला मिळाले. तिच्या नावाच्या विद्यापीठाच्या क्षेत्रात विद्यार्थ्याचे काम टिपून, जपून पाहण्याची पद्धत रुजावी, याहून उचित दुसरे काय असेल?

बाहेरच्या जगात या पद्धतीची सुरुवात लेखनाच्या वर्गांतून झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात १९८० च्या दशकात पीटर एल्बो आणि पॅट बेलनॉफ यांनी विद्यार्थ्यांच्या लेखनकौशल्याची एका बैठकीतली परीक्षा काढून तिच्या जागी पोर्टफोलिओ आणला. त्यांचा मुद्दा साधा होता. घड्याळ लावून, अनोळखी विषयावर, एकदाच लिहिलेल्या निबंधावरून माणसाला लिहिता येते की नाही हे कळत नाही. चांगले लेखन पुन्हा पुन्हा लिहून होते. इंटरनेट आल्यावर कागदी फाईल पडद्यावर गेली. न्यूझीलंडमध्ये २००६ च्या सुमारास माहारा नावाची मुक्त प्रणाली तयार झाली. ती कोणत्याही संस्थेला फुकट वापरता येते. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एका मोठ्या संघटनेने २००९ मध्ये चिकित्सक विचार, लेखी मांडणी, सांघिक काम अशा क्षमतांसाठी निकषतक्ते प्रसिद्ध केले. रूब्रिक म्हणून आपल्याकडेही आता ते ओळखले जातात. प्रत्येक क्षमतेच्या चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवरचे काम कसे दिसते याचे वर्णन.

या उत्साहाला आवर घालणारी एक हकिकत सांगितलीच पाहिजे. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्याने १९९० च्या दशकाच्या आरंभी शाळांमधल्या चौथी आणि आठवीच्या मुलांचे लेखन आणि गणित राज्यभर पोर्टफोलिओवरून तपासायला घेतले. रँड या संशोधनसंस्थेच्या अभ्यासकांनी त्या गुणांची छाननी केली. एकच पोर्टफोलिओ दोन शिक्षकांनी तपासला तर गुण जुळत नव्हते, आणि तफावत एवढी होती की शाळांची तुलना त्या गुणांवरून करणे योग्य ठरले नसते. पुढे गणितात सुधारणा झाली, पण धडा राहिला. काम कितीही जिवंत असो, तपासणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एकच माप नसेल तर गुण म्हणजे नशिबाचा भाग होतो. म्हणून जिथे ही पद्धत नेटाने चालते तिथे शिक्षक वर्षारंभी एकत्र बसतात, तीन-चार जुने पोर्टफोलिओ सगळे मिळून तपासतात, गुण का वेगळे पडले यावर भांडतात आणि मग वेगवेगळे तपासायला जातात. त्या विहिरींच्या कामाला एका परीक्षकाने आठ आणि दुसऱ्याने चार दिले, तर दोघांनी मिळून आधी ठरवायला हवे होते की आपण आलेखाची सफाई मोजतो आहोत की नोंदींवरचा विचार.

आपल्याकडे तर या पद्धतीचा पूर्वज कधीपासून आहे: विज्ञान शाखेचे जर्नल. प्रयोग करायचा, निरीक्षण लिहायचे, आकृती काढायची, शिक्षकांची सही घ्यायची, वर्षअखेरी ते सर्टिफाय झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता यायचे नाही. कल्पना उत्तम होती. झाले काय हे प्रत्येक विज्ञान पदवीधराला ठाऊक आहे. मागच्या वर्षीच्या मुलाचे जर्नल आणायचे आणि दोन रात्री जागून उतरवायचे. निरीक्षणेसुद्धा उतरवायची, म्हणजे प्रयोगाचे उत्तर प्रयोगाआधीच तयार. यात विद्यार्थ्यांचा आळस आहे, पण मुख्य कारण वेगळे आहे. जर्नलवर सही व्हायची, ते वाचले जात नव्हते. न वाचल्या जाणाऱ्या वहीत कोणीही मनापासून लिहीत नाही.

ई-पोर्टफोलिओचेही नेमके हेच होऊ शकते, आणि अधिक वेगाने होऊ शकते. कार्यक्रमाचे वीस फोटो, तीन वेबिनारची प्रमाणपत्रे, इंटरनेटवरून उचललेले प्रकल्प आणि एआयकडून लिहून घेतलेली ‘मला या उपक्रमातून खूप शिकायला मिळाले’ अशी टिपणे एका ड्राइव्हमध्ये कोंबली की फोल्डर भरतो; पोर्टफोलिओ होत नाही. खोटेपणा ओळखायला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. कच्चे मसुदे तारखांसह मागावेत, ऑनलाइन दस्तऐवजात आधीच्या आवृत्त्यांचा इतिहास दिसतो तो पाहावा, आणि पाच मिनिटे तोंडी विचारावे. ‘दोरीला गाठी किती अंतरावर मारल्या होत्या?’ ज्याने मोजले तो लगेच सांगतो.

शासनाने उभ्या केलेल्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे हे काम झालेच आहे असा एक समज आढळतो. २०२१ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत विद्यार्थ्याची क्रेडिट डिजिलॉकरमधून दिसतात, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत नेता येतात. ती उपयोगाची आहे. पण पासबुकात रक्कम दिसते, ती कोणत्या कष्टाने कमावली ते दिसत नाही. त्या मुलीच्या खात्यात फील्ड प्रोजेक्टची क्रेडिट जमा होतील. विहिरी, दोरी आणि खोडून न टाकलेला तक्ता यांना जागा दुसरीकडेच करावी लागेल.

ती जागा साधी असली तरी चालते. तालुक्याच्या महाविद्यालयात मोठी प्रणाली बसवून तिचा सर्व्हर सांभाळणे अवघड असेल तर गुगल साइट्ससारखे फुकट साधन पुरते. घरात एकच चांगला फोन असतो, तो भावाकडे किंवा वडिलांकडे असतो, रेंज गच्चीवर येते, डेटा दुपारीच संपतो. हे धरूनच नियम करावे लागतात. व्हिडिओची सक्ती नको. हाताने लिहिलेल्या पानाचा स्वच्छ फोटो चालावा. आठवड्यातून एक तास संगणक कक्ष या कामासाठी उघडा असावा. मुलींच्या बाबतीत आणखी जपावे लागते: चेहरा, घर, गाव, फोन नंबर जगजाहीर होणार नाही, पोर्टफोलिओ फक्त शिक्षकांना दिसेल आणि ज्यांचे बोलणे मुद्रित केले त्यांची संमती नोंदलेली असेल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. तो नसता तरी हे करावेच लागले असते. आणि खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ईमेलवर हवे. महाविद्यालयाच्या ईमेलवर उभारलेला पोर्टफोलिओ पदवीनंतर ते खाते बंद झाले की हातचा जातो. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, गुगल प्लस २०१९ मध्ये. लोकांनी तिथे मांडलेले कितीतरी मागे राहून गेले. वर्षाला एकदा सगळे उतरवून पेनड्राइव्हवर घेण्याची सवय विद्यार्थ्यांना लावायलाच हवी.

खरा अडसर वेळेचा आहे. शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग आणि एका पोर्टफोलिओला वीस मिनिटे धरली तर तेहतीस तासांहून अधिक वाचन होते. दोघांनी तपासायचे तर दुप्पट. महाविद्यालयातला कार्यभार तासिकांमध्ये मोजला जातो, वाचनाचे तास त्यात धरले जात नाहीत. त्यात शिकवणाऱ्यांपैकी अनेकजण तासिका तत्त्वावर आहेत. त्यांना घेतलेल्या तासिकेचे पैसे मिळतात. रात्री घरी बसून पन्नास पोर्टफोलिओ मन लावून वाचले तर त्याचा मोबदला शून्य. अशा माणसाकडून मनापासून वाचनाची अपेक्षा करणे अन्याय्य आहे, आणि त्याने वाचले नाही तर जर्नलची गोष्ट पुन्हा घडणार हे नक्की.

म्हणून सगळ्या विषयांना, सगळ्या वर्गांना एकाच परिपत्रकाने ई-पोर्टफोलिओ लावू नये. फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंग हे दोनच घटक आधी घ्यावेत; त्यांना लेखी पेपर शोभत नाहीच. सत्रभरात तीन नमुने पुरेत, प्रत्येकाजवळ अर्ध्या पानाचे टिपण. सत्राच्या मध्यावर शिक्षकाने एकदा वाचून दोन ओळी लिहाव्यात, कारण सुधारायला वाव असतानाचा शेरा कामाचा. निकालानंतरचा शेरा कोणी वाचत नाही. गुणांसाठी प्रत्येकाचा पोर्टफोलिओ वाचला जाईलच, पण संपूर्ण अभ्यासक्रमातून मुलांना काय आले हे पाहायला चिठ्ठ्या टाकून वीस-पंचवीस पोर्टफोलिओ निवडले आणि विभागातल्या सगळ्यांनी मिळून वाचले तरी भागते. नॅकला दाखवायला आज अनेक ठिकाणी एक्सेलमध्ये गुणांवरून अध्ययन-निष्पत्तीचे टक्के काढले जातात. त्यांच्या शेजारी हे पंचवीस पोर्टफोलिओ ठेवले तर त्या टक्क्यांना काही अर्थ येईल.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांवर, विद्या परिषदेवर जे बसतात त्यांना एवढीच विनंती आहे: ई-पोर्टफोलिओचा ठराव करताना त्याच ठरावात वाचनाचे तास कार्यभारात धरा, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्या तासांचे पैसे द्या. ते जमत नसेल तर तूर्त ठराव करू नका.